पंधरावी हीट

मला विचारू नका कशी चाललीय आपली स्पीडवे.
विचारलंत तर सांगेन, आणि तुमचा चहा गार होईल.

दर गुरुवारी साडेसातला वेदरशॉच्या ट्रॅकवर टेप उडायची.
हल्ली पावणेआठ होतात,
कारण ट्रॅक्टरवाला आता एकच उरलाय
आणि फाटकावर तिकिटंही तोच फाडतो.

बावीस पाउंड.
बावीस पाउंडांत पंधरा हीट, एकेक हीट मिनिटभराची,
मधल्या वेळात भोंग्यावर त्याच कार्पेटवाल्याची जाहिरात.
एकतीस वर्षं मी बस डेपोत काढली,
वाट बघण्याचं मला काही अप्रूप नाही.
पण डेपोत निदान बस आपली असायची.

इथे रायडर आपला नाही.
सोमवारी तो दुसऱ्या गावचा, गुरुवारी आमचा,
रविवारी पोलंडमध्ये, जिथे म्हणे उभं राहायला जागा नसते
आणि पैसे वेळेवर मिळतात.
त्याला दोष देत नाही, इंजिनं काय झाडाला लागतात?
पण आमच्या तीन नंबरचं मनगट मोडलं
की मॅनेजर फोन फिरवतो आणि उगवतो 'पाहुणा':
गेल्याच महिन्यात आमच्यावर अकरा गुण काढून गेलेला,
आज छातीवर आमचाच बगळा लावून.
याला संघ म्हणायचं
की भाड्याने आणलेली वरात?

शेजारच्या सिरिल ब्रॅमहॉलच्या मते
सगळं बिघडलं ते इंजिनं आडवी झाली तेव्हा.
सिरिल ब्याऐंशी वर्षांचा आहे, त्याच्या मते बरंच काही तेव्हा बिघडलं.

मागच्या वळणापलीकडे नवी घरं झालीत.
ट्रॅक माझ्या आईच्या लग्नाआधीचा, घरं गेल्या वर्षीची,
आणि आवाजाची तक्रार त्यांची.
नदीकाठी बिऱ्हाड करायचं
आणि नदीला म्हणायचं, बाई, जरा हळू वाहा.

आपली पोरं कुठेयत, हे मात्र कोणी विचारत नाही.
पंधरा वर्षांच्या पोराला सराव करायला
शंभर मैलांत एक ट्रॅक नाही,
आणि बापाने घर गहाण टाकावं तेव्हा
त्याला राखीव नंबर सातची जागा.

असो. काल.
बेचाळीस-बेचाळीस. शेवटची हीट.
आमचा निळा पहिल्याच वळणावर आडवा झाला,
पंचांनी त्याला बाहेर काढलं,
पुन्हा सुरुवात, आता तिघंच.
लाल हेल्मेटात पाहुणा. तक्त्यात छापलेलं नाव खोडून
त्याच्या जागी मी नुसतं 'पा.' लिहिलं होतं.

टेप उडाली आणि तो सुटला.
कुंपणाला घासून, मागचं चाक बाहेर फेकत,
लाल खडी आमच्या डोक्यांवर, चहात, दातांत.
मी ओरडत होते का? सिरिल म्हणतो, होतीस.
शेवटची फेरी, शेवटची दोन वळणं,
आणि चेन तुटली.

पिवळा गेला. पांढरा गेला.
सामना गेला.

तो उतरला आणि ढकलायला लागला.
सत्त्याहत्तर किलोचं धूड, ओल्या खडीत,
डाव्या पायात ती पोलादी टाच,
एक पाऊल माणसाचं, एक लोहाराचं.
मदत घ्यायची नाही, नियम आहे.
आम्ही असू चारेकशे. आधी कोणी हसलं,
मग टाळ्या कुठून सुरू झाल्या कळलं नाही.

"गुणामागे पैसे मिळतात त्यांना," सिरिल म्हणाला.
असेल. मीही पगार घेतलाय.
पण रेषा ओलांडून तो गुडघ्यांवर बसला
आणि ग्लव्हजने बगळ्यावरची माती पुसली,
ते पैशात कुठल्या रकान्यात धरायचं?

त्रेचाळीस-सत्तेचाळीस. त्या एका गुणाने काहीच बदललं नाही.
मी पेन्सिल ओली करून एक लिहिला,
'पा.' खोडला, येप्पे लिहिलं.
आडनाव मोठं होतं, डेन्मार्कचं,
सिरिललाही ते येईना.

पुढच्या गुरुवारी तो येतोय,
समोरच्या संघातून.
हुर्यो उडवणार आहे मी त्याची,
पोटभर.